पळवाट बंद केलेले खेळ : इंदूरच्या मराठी वर्गात बोलता बोलता व्याकरण

इंदूरच्या मराठी घरांतली सहावी ते आठवीतली मुलं मराठी समजण्यात कुठेही कमी पडत नाहीत. आजीचं सगळं बोलणं त्यांना कळतं. उत्तर मात्र मराठीत सुरू होतं आणि दोन-तीन वाक्यांत हिंदीत शिरतं, कारण शाळा, मैदान, दुकान, मोबाइल सगळं हिंदीत चाललेलं असतं. या मुलांना शब्द माहीत असतात. अडतं ते लिंगावर, सामान्यरूपावर (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं त्यावर) आणि भूतकाळातल्या ‘ने’वर. ‘माझी पुस्तक’, ‘माझा घर’, ‘घरमध्ये’, ‘त्याने बोलला’ अशी वाक्यं रोज कानावर पडतात. रविवारच्या मराठी वर्गात रिकाम्या जागा भरायला दिल्या की हीच मुलं सगळं बरोबर भरतात, आणि वही मिटून बोलायला लागली की पुन्हा ‘माझी पुस्तक’.

वहीतलं व्याकरण जिभेवर आणायचं तर मुलांना बोलतं करणारे खेळ हवेत, यावर कोणाचं दुमत नसतं. पण नुसता खेळ घेऊन भागत नाही. प्रत्येक खेळात एक पळवाट असते, म्हणजे शिकवायचं ते रूप टाळूनही खेळ जिंकता येतो. बारा-तेरा वर्षांची मुलं ती पळवाट पहिल्या मिनिटात शोधतात. खेळ वर्गात नेण्याआधी ती आपण शोधायची आणि बंद करायची, हेच शिक्षकाचं खरं काम. पुढच्या प्रत्येक खेळात ती कुठे असते आणि कशी बंद करायची, ते सांगितलं आहे.

आधीची तयारी

सगळं वेळापत्रक ४५ मिनिटांच्या तासाचं आणि साधारण २४ मुलांच्या वर्गाचं आहे. पहिली ५ मिनिटं शिक्षकाने दोन मुलांना घेऊन खेळ करून दाखवायचा. नियम तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका, करून दाखवलेलं लगेच कळतं. पुढची ५ मिनिटं लागणारी वाक्यं सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची. मग १५ ते १८ मिनिटं खेळ, ८ ते १० मिनिटं चुकांवर काम आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने खेळात बोललेली तीन वाक्यं वहीत लिहायची.

नियम फळ्यावर आधी लिहायचा की नंतर? नंतर. ‘नपुंसकलिंगी नामासाठी हवं’ हे आधी वाचलं तर मुलं ते उतरवून घेतात आणि सोडून देतात. खेळात चारदा अडखळल्यावर तोच नियम त्यांना स्वतःच्या कामाचा वाटतो. एका तासात एकच रूप घ्यायचं. लिंग आणि सामान्यरूप एकत्र घेतलं की मूल दोन्हीकडे चुकतं, आणि नेमकं कुठे चुकलं ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

हिंदीवर बंदी घालू नका. बंदी घातली की लाजरी मुलं गप्प होतात, बाकीची कुजबुजतात. खेळातलं ठरलेलं वाक्य मराठीत हवं, एवढाच नियम पुरे. त्याच्या आजूबाजूचं बोलणंही हळूहळू मराठीत यावं म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत ही सहा वाक्यं लावा : ‘परत सांग.’ ‘मला कळलं नाही.’ ‘आता कोणाची पाळी?’ ‘थांब जरा.’ ‘तुझं झालं का?’ ‘मराठीत कसं म्हणायचं?’ मुलं हिंदीकडे वळतात ती बहुतेक अशाच जागी, कारण घाईत हीच वाक्यं सुचत नाहीत.

सराफ्यातली खरेदी : तीन लिंगं

हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. त्यातून हिंदीत आणि मराठीत एकाच वस्तूचं लिंग पुष्कळदा वेगळं असतं, म्हणून मुलं हिंदीचं लिंग उचलून आणतात. हिंदीतली चाय स्त्रीलिंगी, आपला चहा पुल्लिंगी. पाणी, दूध, दही, केळं हे सगळं हिंदीत पुल्लिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी. ‘मला पाणी हवा’ हे वाक्य तिथून येतं.

रात्रीचा सराफा, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणारा खाण्याचा बाजार, इंदूरच्या बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो, म्हणून बाजार तोच घ्या. लागतात २४ जिन्नस, प्रत्येक लिंगाचे आठ.

पुल्लिंगी : चहा, पेढा, लाडू, गुलाबजाम, मालपुवा, दहीवडा, मक्याचा कीस, उसाचा रस.
स्त्रीलिंगी : जिलेबी, रबडी, कचोरी, लस्सी, बर्फी, खीर, कॉफी, पाणीपुरी.
नपुंसकलिंगी : पाणी, दूध, दही, ताक, श्रीखंड, सरबत, आइस्क्रीम, केळं.

गराडूचा (तिथे मिळणाऱ्या तळलेल्या कंदाचा) मोह होईल, पण ज्या शब्दाचं लिंग घरोघरी वेगळं बोललं जातं तो शब्द कार्डावर घेऊ नका. वाद सुरू होतो आणि खेळ थांबतो.

प्रत्येक जिन्नसाच्या चार चिठ्ठ्या, म्हणजे ९६. ए-फोर कागदाचे १६ तुकडे केले तर सहा कागद लागतात. भिंतीलगत सहा दुकानं मांडा, प्रत्येक दुकानात चार जिन्नस. प्रत्येक दुकानात तिन्ही लिंगं मिसळलेली हवीत. सगळी नपुंसकलिंगी नावं एका दुकानात गेली तर मूल विचार न करता ‘हवं, हवं, हवं’ म्हणत सगळं घेऊन जातं. दुकानदाराला एक छोटं कार्ड द्या, त्यावर त्याच्या चार जिन्नसांपुढे तो, ती किंवा ते लिहिलेलं असावं. उरलेली १८ मुलं जोडीजोडीने गिऱ्हाईक. प्रत्येक जोडीच्या यादीत सहा जिन्नस, प्रत्येक लिंगाचे दोन आणि निरनिराळ्या दुकानांतले.

दुकानावर बोलणं असं चालतं :

‘काका, मला कचोरी हवी.’
‘ही घे. आणखी काय?’
‘थंड ताक हवा.’
‘काय म्हणालास?’
‘थंड ताक... हवं.’
‘घे.’

दुकानदाराने चूक सांगायची नाही, चिठ्ठी रोखून ‘काय म्हणालास?’ एवढंच विचारायचं. दुसऱ्यांदाही चुकलं तर ‘तो, ती की ते?’ असं विचारायचं. तिसऱ्यांदा अडलं तर गिऱ्हाइकाने जोडीदाराचा सल्ला घ्यायचा. खेळ १६ मिनिटांचा ठेवा. ८ मिनिटांनी दुकानदार बदला, नव्या गिऱ्हाइकांना नव्या याद्या द्या.

पहिल्या फेरीत दुकान कोणाला द्यायचं? मराठीत मागे पडणाऱ्या मुलांना. उलटं करण्याकडे सगळ्यांचा कल असतो, हुशार मुलाला दुकानदार करतात. पण दुकानदाराच्या हातात उत्तराचं कार्ड असतं, तो ८ मिनिटांत बरोबर वाक्य आठ-नऊ वेळा ऐकतो आणि चूक पकडण्याचा अधिकारही त्याचाच. दुसऱ्या फेरीत तो गिऱ्हाईक होतो तेव्हा कान तयार झालेला असतो.

आता पळवाटा. पहिली आहे ‘द्या’. ‘काका, जिलेबी द्या’ म्हटलं की लिंगाचा प्रश्नच उरत नाही. दुसरी आणखी सोपी : ‘पाहिजे’. मला चहा पाहिजे, कॉफी पाहिजे, पाणी पाहिजे. क्रियापद जागचं हलत नाही. दोन्ही वाक्यं अस्सल मराठी आहेत, त्यामुळे ती चूक ठरवू नका. आजच्या बाजारात चिठ्ठी फक्त हवा-हवी-हवं म्हणणाऱ्याला मिळेल, एवढं खेळ दाखवतानाच सांगा. तिसरी पळवाट म्हणजे याद्यांची अदलाबदल : दोन जोड्या कोपऱ्यात आपसात चिठ्ठ्या वाटून घेतात. त्यासाठी याद्यांचे नऊ वेगवेगळे संच करा आणि मिळालेली चिठ्ठी यादीच्या कागदाला तिथल्या तिथे टाचून द्यायला दुकानदाराला सांगा.

हा खेळ एका तासात संपवू नका, त्यात पुष्कळ शिल्लक असतं. पुढच्या आठवड्यात प्रत्येक दुकानातला एक जिन्नस आधीच काढून ठेवा, म्हणजे दुकानदाराला म्हणावं लागतं : ‘पेढा संपला’, ‘रबडी संपली’, ‘दूध संपलं’. त्याच्या पुढच्या वेळी याद्यांत संख्या घाला : तीन पेढे हवेत, दोन जिलेब्या हव्यात, चार केळी हवीत. ‘केळी हवीत’पाशी जवळजवळ सगळी मुलं अडतात, कारण ‘केळी’ हा शब्द ईकारान्त ऐकू येतो आणि त्यांना तो एकवचनी स्त्रीलिंगी वाटतो. तिथे थांबून एक केळं, दोन केळी. एक अंडं, दोन अंडी. एक भांडं, दोन भांडी अशी माळ सगळ्यांकडून म्हणवून घ्या.

दोन चित्रांतले फरक : सामान्यरूप

हिंदीत ‘घर में’ म्हणताना घर तसंच राहतं. मराठीत शब्दाला काही जोडायचं तर आधी शब्द वाकतो. ‘झाडवर’, ‘दुकानमध्ये’, ‘शाळामध्ये’ अशी वाक्यं त्यामुळे येतात.

एका कागदावर पेनाने साधं चित्र काढा : अंगण, झाड, विहीर, दार, खिडकीतून दिसणारं कपाट, पलंग, खुर्ची, भिंत, डबा, टोपली. त्यात १२ वस्तू ठेवा, जसं छत्री, मांजर, चेंडू, चप्पल, किल्ली. झेरॉक्स काढा, त्यावर ८ वस्तू खोडून दुसऱ्या जागी काढा आणि पुन्हा झेरॉक्स काढा. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. जोडीतल्या एकाकडे पहिलं चित्र, दुसऱ्याकडे दुसरं, मध्ये दप्तर उभं. (पाठीला पाठ लावून बसवलं तर सगळे ओरडून बोलतात आणि वर्गाचा बाजार होतो.) १० मिनिटांत आठही फरक शोधायचे.

‘तुझ्या चित्रात किल्ली कुठे आहे?’
‘डब्यात. तुझ्या?’
‘माझ्या चित्रात टोपलीखाली.’

जागांची नावं निवडताना विचार करा, कारण या खेळाची पळवाट तिथेच आहे. खुर्ची, टोपली असे ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द वाकत नाहीत. सगळ्या जागा तशाच असल्या तर मूल अख्खा खेळ चुकीविना संपवतं आणि शिकत काहीच नाही. असे शब्द दोनच ठेवा. बाकीचे निरनिराळ्या वळणांचे घ्या : झाड–झाडाखाली आणि कपाट–कपाटात, डबा–डब्यात आणि रस्ता–रस्त्यावर, शाळा–शाळेसमोर, भिंत–भिंतीवर, विहीर–विहिरीजवळ. विहिरीत ‘ही’चा ‘हि’ होतो, पण तो बोलताना फारसा जाणवत नाही, म्हणून तो लिहिण्याच्या वेळी दाखवा. दुसरी पळवाट ‘इकडे’, ‘तिथे’ आणि बोट दाखवणं. दप्तर उभं असलं की बोटाचा उपयोग उरत नाही.

‘पार्कमध्ये’, ‘बसमध्ये’ असं कोणी म्हणालं तर दुरुस्त करू नका. नव्या परक्या शब्दांना आपण सगळेच ‘मध्ये’ तसंच लावतो. गावांच्या नावांचंही वेगळं असतं : देवासला, महूला, पण पुण्याला, ठाण्याला. सराफा आणि राजवाडा मात्र नेहमी वाकतात : सराफ्यात, राजवाड्याजवळ. हातात वेळ उरला तर एकाने शहरातली एक जागा मनात धरायची आणि बाकीच्यांनी हो-नाहीचे दहा प्रश्न विचारून ती ओळखायची, हा खेळ याच रूपावर बिनतयारीचा चालतो.

मोदक कोणी पळवले? : भूतकाळातला ‘ने’

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी सगळे झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला गेले असताना मंडळाच्या खोलीतून २१ मोदकांपैकी ५ नाहीसे झाले. वर्गाचे सहा-सहाचे चार गट करा. प्रत्येक गटात दोन संशयित, चार तपास करणारे. संशयितांना बाहेर नेऊन ४ मिनिटं द्या. ७ ते ९ या वेळात आपण दोघं एकत्र कुठे होतो, काय केलं, याची गोष्ट त्यांनी ठरवायची. त्याच वेळात तपासवाले आठ प्रश्न तयार करतात. मग दोन्ही संशयितांना दोन कोपऱ्यांत वेगवेगळं बसवून प्रत्येकाला दोन-दोन जणांनी ५ मिनिटं विचारायचं. शेवटी उत्तरं पडताळायची. तीन उत्तरं जुळली नाहीत तर चोर सापडला.

या खेळाची पळवाट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ‘तू काय केलंस?’ विचारलं की उत्तर येतं ‘मी पोहे खाल्ले’. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ दिसत नाही, म्हणजे जे शिकवायचं तेच वाक्यातून गायब. म्हणून नियम असा करा की प्रत्येक प्रश्न जोडीदाराबद्दलच विचारायचा : ‘त्याने काय खाल्लं?’ ‘पैसे कोणी दिले?’ ‘तिने कोणती झांकी आधी पाहिली?’ शिवाय गोष्टीत आजी किंवा मामा असं एक मोठं माणूस असलंच पाहिजे. या वयात मुलगे आणि मुली एका जोडीत बसायला तयार नसतात, आणि मोठं माणूस गोष्टीत आलं की त्याने, तिने, मामांनी अशी सगळी रूपं येतात.

दुसरी पळवाट क्रियापदांची. गेला, बसला, थांबला, जेवला यांना ‘ने’ लागतच नाही. प्रत्येक गटाला सहा क्रियापदांची चिठ्ठी द्या : खाणे, घेणे, देणे, पाहणे, ठेवणे, उचलणे. प्रत्येक क्रियापद प्रश्नात एकदा तरी आलं पाहिजे. ‘त्याने कचोरी घेतली’, ‘त्याने पेढा घेतला’, ‘त्याने सरबत घेतलं’ असं सराफ्याच्या खेळातलं लिंग इथे पुन्हा कामाला येतं. म्हणून हा खेळ तिसरा ठेवा, पहिला नको.

‘बोलणे’, ‘विसरणे’ आणि ‘भेटणे’ आठवीच्या मुलांसाठी राखून ठेवा. हिंदीच्या ‘उसने बोला’वरून मुलं ‘त्याने बोलला’ म्हणतात. मराठीत तो बोलला, ती छत्री विसरली, तो मामांना भेटला. ‘म्हणणे’ मात्र दोन्ही बाजूंनी चालतं : तो म्हणाला आणि त्याने म्हटलं. हे दोन्ही बरोबर असल्याचं सांगून टाका, नाहीतर एखादं मूल घरी ऐकलेलं बरोबर वाक्य चूक समजून सोडून देतं.

दोन छोटे खेळ

आम्ही आणि आपण यांतला फरक सहलीवर बसवता येतो. चार गटांनी मांडू, महेश्वर, पाताळपाणी, उज्जैन यांतली एकेक सहल आखायची आणि इतरांना बोलवायचं. इंदुरी हिंदीतलं ‘अपन’ मुलांच्या तोंडी असतंच, त्यावरून ‘आपण’ लगेच कळतं. पळवाट अशी की ‘जाऊ या’ म्हणताना सर्वनाम गाळता येतं. त्यासाठी ऐकणाऱ्यांनी विचारायचं : ‘बस तुमची की आपली?’ ‘डबे कोणाचे?’ मग आमचे आणि आपले यांत निवड करावीच लागते.

नकारासाठी जागा ओळखण्याचा खेळ घ्या. ‘इथे मोठ्याने बोलू नये. इथे चपला घालू नयेत. इथे फोटो काढू नये.’ तीन वाक्यांत मंदिर, वाचनालय, दवाखाना ओळखायचा. नये-नयेत नीट जमलं की ‘मला पाहिजे नाही’ऐवजी ‘मला नको’ यावर या.

चूक कधी आणि कशी सांगायची

रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा शिक्षक मुलाचं वाक्य स्वतःच सुधारून म्हणत होते, आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून कमी वेळा मुलांनी त्या सुधारणेला काही प्रतिसाद दिला. आपल्या वर्गात तसंच होतं. मूल म्हणतं ‘दूध हवा’, आपण प्रेमाने म्हणतो ‘हो का, दूध हवं?’, आणि मूल ‘हो’ म्हणून पुढे जातं. त्याला वाटतं आपण प्रश्न विचारला. ‘दूध... तो, ती की ते?’ असं विचारून थांबलं तर बरोबर रूप त्याच्याच तोंडून येतं.

खेळ चालू असताना शिक्षकाने मध्ये बोलू नये. हातात कागद, त्यावर दोन रकाने : नीट जमलेली वाक्यं आणि अडलेली वाक्यं. आठाहून जास्त लिहू नका. खेळ संपल्यावर त्यांतली सहा वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा, चार चुकलेली आणि दोन बरोबर. बरोबर वाक्यंही हवीत, नाहीतर फळ्यावर आलेलं सगळं चूकच आहे असं धरून मुलं बरोबरचंही बदलतात. जोडीजोडीने ३ मिनिटांत ठरवा म्हणावं, मग चर्चा.

काय दुरुस्त करायचं आणि काय सोडायचं? या घरांत ‘करून राहिलो’ म्हणणारी माणसं आहेत, पुण्याहून वेगळे शब्द वापरणाऱ्या आज्या आहेत. ती इंदूरची मराठी आहे. मुलाने घरचं वाक्य आणलं तर त्याला चूक म्हणू नका. लिहिताना कसं लिहितात तेवढं बाजूला दाखवा. जे वाक्य ऐकून त्याची स्वतःची आजीही थांबून ‘असं नाही रे’ म्हणेल, तेच या तासात दुरुस्त करायचं. ‘ताक हवा’ त्यात येतं, ‘करून राहिलो’ येत नाही.

जमलं की नाही ते त्याच दिवशी कळत नाही. दोन आठवड्यांनी न सांगता तोच खेळ दहा नव्या शब्दांवर घ्या : भाजीबाजारातलं भेंडी, बटाटा, वांगं, काकडी, कांदा, आलं, कोथिंबीर, टोमॅटो, गाजर, भोपळा. प्रत्येक मुलाला एकेकदा दुकानावर बोलवा आणि दहापैकी किती वेळा रूप पहिल्याच फटक्यात बरोबर आलं ते मोजा. आठ किंवा जास्त आलं तर पुढच्या रूपाकडे जा. पाच-सहावर अडलं तर बहुधा नपुंसकलिंगच राहिलेलं असतं. त्यासाठी वांगं, आलं, गाजर यांच्या जोडीला लिंबू, भरीत, लोणचं, तूप घालून सराफ्याचाच खेळ आणखी एकदा घ्या, या वेळी फक्त दोन लिंगांचा : पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी.